प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करायचा आणि तो खरंच स्टेबल आहे हे कसं ओळखायचं

माझा आय७ ८७००के हा इंटेलचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, पाच गिगाहर्ट्झवर दोन आठवडे मस्त चालला होता. सिनेबेंच ही वेग मोजायची टेस्ट पास, गेम्स पास, एकदाही निळी स्क्रीन नाही, मी एकदम खूश. मग एक दिवस त्याच दोन आठवड्यांत बनवलेला फोटोंचा झिप बॅकअप उघडायला गेलो तर मधल्या एका फाइलवर सीआरसी एरर, फाइल करप्ट. हार्ड डिस्क तपासली, ती ठणठणीत. रॅम तपासली, ती पण ठीक. शेवटी प्राइम९५ हा प्रोसेसरला जड गणितं घालून तपासणारा प्रोग्राम लावून बसलो आणि साधारण चाळीस मिनिटांनी एका वर्करच्या, म्हणजे त्याच्या एका स्वतंत्र हिशोबाच्या, खिडकीत ओळ आली, फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. बाकीचे वर्कर चालूच, माउस हलतोय, ब्राउझर उघडतोय, नुसतं पीसीकडे बघून कुणाला काही कळलं नसतं.

त्या ओळीचा अर्थ नीट समजून घ्या. प्राइम९५ प्रचंड मोठ्या आकड्यांचे गुणाकार दशांशांतून करतं आणि शेवटी येणारं उत्तर पूर्ण आकड्याच्या अगदी जवळ यायला लागतं, किंचित फरक असला तर ते राउंड करून टाकतं. फरक ०.५ आला म्हणजे उत्तर दोन पूर्ण आकड्यांच्या बरोब्बर मधे पडलं, आता खालचा धरायचा का वरचा हे सांगताच येत नाही, थोडक्यात प्रोसेसरने कुठेतरी गणित चुकवलं. आणि हाच प्रोसेसर दोन आठवडे माझे फोटो झिप करत होता.

तेव्हापासून माझ्यासाठी स्टेबलचा अर्थ एकच, पीसी हिशोब चुकवत नाही. क्रॅश होत नाही ही फार खालची पायरी झाली. खाली जे काही लिहिलंय ते सगळं हे डोक्यात ठेवून लिहिलंय, त्यामुळे क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, वाढवण्यापेक्षा तपासण्यावर जास्त वेळ घालवलेला दिसेल, आणि खरंच तेवढा वेळ लागतो, एक वीकेंड तरी मोकळा ठेवा.

तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो का

इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी के, केएफ किंवा केएस असेल तर मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, उघडा असतो, आणि त्यासोबत बोर्ड झेड सिरीजचा लागतो, झेड३९०, झेड४९०, झेड६९०, झेड७९० वगैरे. बी किंवा एच सिरीजच्या बोर्डवर के वाला प्रोसेसर लावला तरी मल्टिप्लायर वाढवता येत नाही, बी५६० पासून पुढे बी सिरीजवर रॅमचा वेग मात्र वाढवता येतो. एएमडीमध्ये जवळपास सगळे रायझन उघडे आहेत आणि बी आणि एक्स सिरीजचे बोर्ड चालतात, ए३२०, ए५२०, ए६२० आणि बी८४० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. एक्स३डी वाल्यांचं जरा वेगळं आहे, ५८००एक्स३डी लॉक आहे, ७००० सिरीजच्या एक्स३डीवर मल्टिप्लायर हलत नाही पण कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची सोय, पुढे येते) चालतो, आणि ९८००एक्स३डी पूर्ण उघडा आहे.

वॉरंटीचं पण आधीच सांगतो, इंटेल आणि एएमडी दोघंही ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. हे मान्य असेल तरच पुढे वाचा. पीसीवर रोजची कामं असतील, त्याच्यावरच पोट असेल, तर दुसरा पीसी हाताशी असल्याशिवाय हे करूच नका.

आणि मिळणार किती याची पण कल्पना हवी. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर आला होता, त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर लॉक, पण बस ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेली की ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा, म्हणजे दीडपट. ते दिवस गेले. आता कंपन्याच टर्बो आणि बूस्टच्या नावाने चिपमधली बहुतेक सगळी शिल्लक आधीच वापरून टाकतात, त्यामुळे हाताने वाढवून काही टक्केच मिळतात. जुन्या पिढीच्या चिपवर थोडे जास्त, नव्या पिढीवर कमी. मला तरीही हे करायला आवडतं, कारण आपली चिप नेमकी कुठवर जाते आणि कुठे अडते हे तिला हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि एकाच मॉडेलच्या दोन चिप कधीच सारख्या निघत नाहीत. दुसऱ्याने त्याच्या चिपवर लावलेले आकडे डोळे झाकून आपल्याकडे भरू नका ते यासाठीच.

खरा खेळ व्होल्टेजचा आहे

क्लॉक म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक जवळपास सगळीकडे १०० मेगाहर्ट्झ असतो, मल्टिप्लायर ४८ केला की ४.८ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉकला हात लावू नका, त्याच्यावर बाकीच्याही गोष्टी अवलंबून असतात, बऱ्याच बोर्डांवर तो वाढवला की रॅमपासून पीसीआय एक्सप्रेसपर्यंत सगळंच सरकतं आणि मग चूक कुठे आहे ते शोधताना नाकी नऊ येतात.

क्लॉक वाढवला की प्रत्येक कामाला मिळणारा वेळ कमी होतो, ट्रान्झिस्टरला शून्याचा एक व्हायला पुरेशी फुरसत मिळत नाही, मग त्याला जोर द्यायला व्होल्टेज वाढवावं लागतं. घोडं इथंच पेंड खातं, कारण पॉवर क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझ्याच चिपचं उदाहरण घ्या. ४.८ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट पुरत होते, ५.० ला १.३७ लागले. क्लॉक वाढला ४ टक्के, व्होल्टेज वाढलं साडेनऊ टक्के, त्याचा वर्ग करून क्लॉकने गुणलं की पॉवर वाढते २५ टक्के. चार टक्क्यांसाठी पंचवीस टक्के जास्त उष्णता. हे गणित एकदा कागदावर करून बघितलं की शेवटच्या शंभर दोनशे मेगाहर्ट्झचा हट्ट आपोआप सुटतो.

जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की चिप हळूहळू झिजते. आतल्या तारा इतक्या बारीक असतात की जास्त करंटने धातूचे अणूच जागचे सरकत जातात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. चिप लगेच जळत नाही, पण जे सेटिंग पहिल्या वर्षी स्टेबल होतं त्याला पुढे जास्त व्होल्टेज लागायला लागतं. आणि यात फक्त हौशी लोकच सापडतात असं समजू नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये कुणी काही न करता हाच प्रकार झाला, चिप स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, २०२४ मध्ये इंटेलने ते मान्य करून नवा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, दिला आणि मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घातली, पण जी चिप आधीच झिजली ती मायक्रोकोडने सुधारत नाही. तुमच्याकडे यातली चिप असेल तर सगळ्यात आधी बायोस, म्हणजे बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करा, ओव्हरक्लॉकचं नंतर बघू. २०२३ मध्ये एएमडीच्या ७००० सिरीजच्या एक्स३डी चिप काही बोर्डांवर जास्त एसओसी व्होल्टेजने (चिपमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं व्होल्टेज) खराब झाल्या, त्यानंतरच्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टच्या वर जाऊ देत नाहीत. तिथेही आधी बायोस अपडेट.

हात लावायच्या आधी

महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या आणि तो काढून बाजूला ठेवा, पीसीला जोडलेला नको. मी हे केलं नव्हतं.

बोर्डवर सीमॉस क्लिअरचा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून डिफॉल्टवर आणायचा, जंपर किंवा बटण कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून आत्ताच शोधून ठेवा. स्क्रीन काळी पडल्यावर टॉर्च घेऊन शोधण्यात मजा नाही. बटण नसेल तर पीसी बंद करून, वायर काढून, ती नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं काढून ठेवली तरी काम होतं.

कूलर सोबत आलेला छोटा असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार सोडा. मोठा टॉवर कूलर किंवा २४० मिमीचा लिक्विड कूलर ही माझ्या मते सुरुवात आहे. थर्मल पेस्ट बरीच वर्षं जुनी असेल तर बदला. बोर्डवर प्रोसेसरच्या बाजूला जे व्हीआरएमचे, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांचे, हीटसिंक असतात त्यांच्यावरून हवा जाते का बघा, लिक्विड कूलर लावला की प्रोसेसर थंड राहतो पण व्हीआरएमकडे कुणी बघत नाही, आणि ते तापले की बोर्ड गुपचूप क्लॉक खाली आणतो. पॉवर सप्लाय चांगल्या दर्जाचा हवा आणि प्रोसेसरची आठ पिनची वायर पूर्ण बसलेली हवी.

मग एक वही घ्या. फोनमध्ये नको, वहीच, कारण बायोसमध्ये असताना फोन सारखा लॉक होतो. पहिल्या पानावर डिफॉल्ट सेटिंगचे आकडे लिहा, सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवून स्कोअर, सगळ्यात जास्त तापमान, लोडवरचं व्हीकोअर म्हणजे कोअरचं व्होल्टेज, क्लॉक. हे सगळं एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतं, सेन्सर्सची खिडकी उघडी ठेवायची. डिफॉल्टवरच तापमान ९० च्या पुढे जात असेल तर आधी कूलिंगचं बघा, अशा चिपला वर न्यायला जागाच नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, डिफॉल्ट म्हणजे खरंच डिफॉल्ट आहे का. बरेच बोर्ड मल्टिकोअर एन्हान्समेंट किंवा तसल्याच नावाचं काहीतरी चालू ठेवून येतात, त्यात सगळे कोअर टर्बोवर पळतात आणि पॉवर लिमिट उघडी असते. ते बंद करून मोजा, नाहीतर तुमची सुरुवातच ओव्हरक्लॉकपासून होईल.

इंटेलवर मल्टिप्लायर वाढवणं

रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारं तयार सेटिंग, तात्पुरतं बंद करा. एका वेळी एकच गोष्ट हलली पाहिजे, दोन हलल्या तर चूक कुणाची ते कळणार नाही.

बायोसमध्ये मल्टिप्लायर सगळ्या कोअरना एकसारखा लावा, सुरुवात चिपच्या ऑल कोअर टर्बोच्या, म्हणजे सगळे कोअर एकदम पळताना कंपनीने दिलेल्या वेगाच्या, आसपास करायची. माझ्या ८७००केचा ऑल कोअर टर्बो ४.३ आहे, मी ४५ पासून सुरुवात केली. १२व्या पिढीपासून पुढे पी कोअर (जोरदार) आणि ई कोअर (छोटे, कमी वीज खाणारे) वेगळे असतात, फक्त पी कोअर हलवा, ई कोअर आणि रिंग (कोअरना एकमेकांशी जोडणारा भाग) आहे तिथेच राहू द्या. व्होल्टेज मॅन्युअल मोडवर टाका, म्हणजे चाचणी करताना आकडा स्थिर राहील. ऑटोवर सोडू नका, ऑटोवर बोर्ड घाबरून भरमसाठ व्होल्टेज देतो आणि तुम्हाला वाटतं चिप तापट आहे.

लोड लाइन कॅलिब्रेशन हा जो प्रकार आहे तो समजून घ्यायलाच लागतो. लोड आला की व्हीकोअर थोडं खाली बसतं, ते तसंच ठरवलेलं असतं. कॅलिब्रेशन वाढवलं की ते कमी बसतं. पण फार जोरात लावलं तर लोड जातो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारून तुम्ही लावलेल्या आकड्याच्याही वर जातं, आणि ही उसळी इतकी क्षणभराची असते की सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. मधली लेव्हल ठेवा, लोडवर व्होल्टेज थोडं बसू द्या. काही बोर्डांवर लेव्हल १ म्हणजे सगळ्यात जोरदार असते तर काहींवर सगळ्यात सौम्य, बायोसमध्ये बहुतेक वेळा बाजूला छोटा आलेख दाखवतात तो बघून ठरवा, आकड्यावर जाऊ नका.

आता फेरा सुरू. मल्टिप्लायर एकने वाढवा, विंडोजमध्ये या, सिनेबेंच दहा मिनिटं. पास झालं तर वहीत लिहा आणि परत एकने वाढवा. अडकलं, रीस्टार्ट झालं, निळी स्क्रीन आली तर क्लॉक तिथेच ठेवून व्होल्टेज ०.०१ किंवा ०.०१५ ने वाढवा आणि परत. एकदम ०.०५ ची उडी मारू नका, कितीवर जमलं असतं ते कधीच कळत नाही. माझ्या वहीतलं एक पान असं आहे, ४७ ला १.२० पास, ४८ ला १.२० वर चौथ्या मिनिटाला फ्रीज, १.२१५ वर निळी स्क्रीन क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, १.२३ वर सिनेबेंच पास पण एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली विंडोज हार्डवेअर एररच्या ओळीत ३ दिसतंय, १.२५ वर तिथे शून्य. तो ३ चा आकडा बघितला नसता तर मी १.२३ वर समाधान मानलं असतं.

ती हार्डवेअर एररची ओळ रोज बघायची सवय लावा. प्रोसेसरने चूक केली, स्वतःच पकडली आणि सुधारली, असं झालं की तिथे आकडा वाढतो. पीसीला काहीच होत नाही पण तुम्हाला कळतं की कडेलोटाच्या किती जवळ आहात. तिथे शून्याशिवाय काहीही मी मान्य करत नाही.

कुठे थांबायचं तर दोन भिंती आहेत, जी आधी येईल तिथे थांबा. एक म्हणजे व्होल्टेज. ८व्या ते १०व्या पिढीच्या इंटेलला मी रोजच्या वापरासाठी १.३५ च्या वर जात नाही. त्यापुढच्या पिढ्यांत तर लोडवर १.३ च्या आसपासच उष्णता तुम्हाला थांबवते. दुसरी भिंत तापमान. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिप १०० डिग्रीला स्वतःला आवरायला लागतात, पण तिथपर्यंत जायचं नाही, सगळ्यात जड टेस्टमध्ये ९० च्या आत आणि रोजच्या कामात ७५ ते ८० च्या आत राहिलं पाहिजे. खोलीचं तापमान दहा डिग्री वाढलं की चिपचं पण साधारण तेवढंच वाढतं, त्यामुळे थंडीत सेट केलं असेल तर उन्हाळ्यासाठी जागा सोडा. व्हीआरएमचा सेन्सर असेल तर तो ९० च्या आत बघा.

एव्हीएक्सचं एक लक्षात ठेवा. एव्हीएक्स, म्हणजे एकदम बरीच गणितं करायच्या जड सूचना, वापरणारे प्रोग्राम, म्हणजे व्हिडिओ एन्कोडिंग, थ्रीडी रेंडर, प्राइम९५ स्वतः, यात प्रोसेसर जास्त तापतो आणि जास्त व्होल्टेज मागतो. बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट असेल तर २ लावा, म्हणजे असं काम आलं की मल्टिप्लायर दोनने खाली येईल आणि बाकी वेळ पूर्ण क्लॉक मिळेल.

रायझनवर माझं मत वेगळं आहे

रायझन ५००० आणि त्यापुढच्या चिपवर सगळे कोअर एका क्लॉकला बांधू नका. चिप स्वतः एकेका कोअरला हलक्या कामात खूप वर नेते, तुम्ही सगळ्यांना ४.५ ला बांधलं तर रेंडरमध्ये थोडं मिळेल पण गेममध्ये उलट घाटा, कारण बूस्टच गेला. हलक्या कामात रायझन १.४ ते १.५ व्होल्ट दाखवतं ते बघून घाबरू नका, तेव्हा करंट कमी असतो, चिपला ते माहीत असतं. पण ते बघून तुम्ही हाताने सगळ्या कोअरना १.४ लावलं आणि वर पूर्ण लोड दिला तर ती चिप लवकर झिजणार, या दोन गोष्टींमध्ये जमीन अस्मानाचा फरक आहे.

त्याऐवजी प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बूस्टची मर्यादा वाढवायची एएमडीचीच सोय, चालू करा आणि त्याच्या आत कर्व्ह ऑप्टिमायझर घ्या. सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० पासून सुरुवात. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी, आणि व्होल्टेज कमी झालं की तापमान कमी होतं, तापमान कमी झालं की चिप आपणहून जास्त वर जाते. व्होल्टेज कमी करून वेग वाढतो ही मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. निगेटिव्ह १०, मग १५, मग २०, आणि नंतर एकेक कोअर वेगळा. चिपचे सगळ्यात चांगले कोअर बऱ्याचदा कमी निगेटिव्ह सहन करतात कारण त्यांना कंपनीनेच आधी कमी व्होल्टेज दिलेलं असतं.

इथली चाचणी वेगळी लागते. कर्व्ह जास्त खाली गेला तर पीसी पूर्ण लोडवर मस्त चालतो आणि तुम्ही काहीच करत नसताना, नुसतं पान वाचत असताना रीस्टार्ट होतो. कारण हलक्या कामात एकच कोअर सगळ्यात वरच्या क्लॉकला जातो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. सिनेबेंच, ओसीसीटी असल्या ताण देणाऱ्या टेस्टमध्ये सगळे कोअर एकदम पळतात त्यामुळे ते त्या क्लॉकला पोचतच नाहीत. यासाठी कोअरसायक्लर वापरा, ते एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतं आणि कुठला कोअर चुकला ते सांगतं. रात्रभर लावून ठेवा. अचानक रीस्टार्ट झालाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरची (हार्डवेअर एररची) १८ नंबरची नोंद शोधा, त्यात एपीआयसी आयडी असतो, आठ कोअरच्या चिपवर त्याला दोनने भागलं की कोअरचा नंबर मिळतो, मोजणी शून्यापासून. आयडी ६ किंवा ७ असेल तर कोअर ३. त्या कोअरला पाच पायऱ्या परत द्या.

आणखी एक फसवा प्रकार, क्लॉक स्ट्रेचिंग. व्होल्टेज कमी पडलं की रायझन क्रॅश न होता आतल्या आत क्लॉक ताणून हळू होतं, वर आकडा मात्र मोठाच दिसतो. म्हणून एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअर इफेक्टिव्ह क्लॉक बघा आणि सिनेबेंचचा स्कोअर वहीतल्या जुन्याशी ताडून बघा. क्लॉक वाढला आणि स्कोअर पडला तर तुम्ही पुढे न जाता मागे आलात.

तापमानाचं, रायझन ७००० पूर्ण लोडवर ९५ डिग्रीला टेकणं हे डिझाइनच तसं आहे, ५८००एक्स, ५९००एक्स वगैरेंची मर्यादा ९० आहे. ७००० वर पॉवर लिमिट थोडी खाली आणली तर स्कोअर फारसा न पडता तापमान खूप उतरतं, मी असंच सुचवेन.

स्टेबल आहे हे कसं ठरवायचं

सिनेबेंच हा फक्त गाळायचा चाळणा आहे, वाईट सेटिंग पटकन बाहेर काढायला. खरी तपासणी अशा टेस्टनेच होते ज्या उत्तर पडताळून बघतात. प्राइम९५, ओसीसीटी, वाय-क्रंचर हे तिन्ही पडताळतात. मी आधी ओसीसीटी एक तास लावतो, मग प्राइम९५ स्मॉल एफएफटी (छोट्या आकाराची गणितं) एक तास, यात प्रोसेसर सगळ्यात जास्त तापतो त्यामुळे पहिली दहा मिनिटं तापमानावरून नजर हलवायची नाही, ९५ दिसलं की लगेच थांबवा. एव्हीएक्समुळे फारच तापत असेल तर टॉर्चर टेस्टच्या खिडकीत एव्हीएक्स बंद करायचे पर्याय आहेत, आधी ते बंद करून आणि मग चालू करून दोन्ही बघा. मग रात्री प्राइम९५ ब्लेंड, यात मोठे एफएफटी आणि रॅम दोन्ही येतात. सकाळी एकही वर्कर थांबलेला नको आणि हार्डवेअर एररचा आकडा शून्य हवा.

एक तास पास झालं म्हणजे झालं असं मानू नका, माझी ती एरर चाळीसाव्या मिनिटाला आली होती, ती दोनशेव्या मिनिटालाही आली असती.

हे सगळं झाल्यावर एक दिवस पीसी नेहमीसारखा वापरा, मधेच स्लीपमध्ये टाका, उठवा, तासभर रिकामा ठेवा. मग शेवटी मी एक साधी चाचणी करतो, एक मोठा फोल्डर घ्यायचा, वीसएक जीबीचा, सेव्हन झिपने कॉम्प्रेस करायचा, टेस्ट आर्काइव्ह करायचं, परत उघडायचा आणि मूळ फाइल्सच्या चेकसमशी, म्हणजे फाइलमधून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी, जुळवायचा. तीनदा. ज्या चुकीने मला अद्दल घडली तीच चूक समोरून शोधायची, हे झाल्याशिवाय मला झोप लागत नाही.

रॅम आणि शेवटचे धागे

प्रोसेसर पक्का झाला की मगच एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीकडचं तसंच प्रोफाइल) चालू करा. हे प्रोफाइल पण ओव्हरक्लॉकच असतं, प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर जास्त जोरात पळतो, त्यामुळे काल स्टेबल असलेली चिप आज डळमळू शकते. मेमटेस्ट८६ चे चार पास, मग टेस्टमेम५ (दोन्ही रॅम तपासणारे प्रोग्राम), आणि मग रात्रीचा ब्लेंड परत एकदा. आता चूक आली तर प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवत बसू नका, प्रोफाइल बंद करून आधी खात्री करा की दोष रॅमच्या बाजूचाच आहे.

इंटेलवाल्यांनी सगळं पक्कं झाल्यावर मॅन्युअल व्होल्टेज काढून अॅडॅप्टिव्ह मोड लावा, म्हणजे पीसी रिकामा असताना क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही खाली येतात, उगाच दिवसभर १.२५ वर बसून राहत नाही. अॅडॅप्टिव्ह लावल्यावर लोडवरचं व्होल्टेज बदलू शकतं, वहीतल्या आकड्याशी ताडून बघा आणि रात्रीची टेस्ट परत लावा.

बूटच झालं नाही तर घाबरायचं कारण नाही. बरेच बोर्ड दोन तीनदा स्वतः प्रयत्न करून डिफॉल्टवर येतात, त्याला मिनिटभर द्या. नाहीच आलं तर सीमॉस क्लिअर. आणि विंडोज अर्धवट बूट होऊन सारखं अडकत असेल तर त्या सेटिंगवर वारंवार प्रयत्न करू नका, लगेच बायोसमध्ये जाऊन खाली आणा, अस्थिर प्रोसेसरने विंडोजच्या फाइल्स लिहिल्या की नंतर सगळं डिफॉल्टवर आणूनही विंडोज बिघडलेलंच राहतं. असं झाल्याचा संशय आला तर डिफॉल्टवर येऊन विंडोजच्या फाइल्स तपासून दुरुस्त करणारं एसएफसी स्कॅन चालवा.

बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा पण त्यावर विसंबू नका, बायोस अपडेट केला की ती प्रोफाइल्स बऱ्याचदा उडतात किंवा नव्या आवृत्तीत चालत नाहीत, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. आणि नवा बायोस म्हणजे नवा मायक्रोकोड, नवी व्होल्टेज वागणूक, त्यामुळे जुने आकडे टाकले तरी निदान ओसीसीटीचा एक तास परत लावायचाच. वर्षातून एकदा, खोली सगळ्यात जास्त तापलेली असेल तेव्हा, ब्लेंडची एक रात्र पण लावा. कधी एरर आलीच तर व्होल्टेज वाढवण्याआधी कूलर साफ करून, पेस्ट बदलून बघा, आणि तरीही आली तर मल्टिप्लायर एकने खाली.

माझा ८७००के आता ४.८ वर १.२५ व्होल्टला आहे, एव्हीएक्स ऑफसेट २, ब्लेंडच्या रात्रीत जास्तीत जास्त ८१ डिग्री, हार्डवेअर एरर शून्य. वहीत पाच गिगाहर्ट्झच्या पानावर त्या राउंडिंगच्या ओळीचा प्रिंट चिकटवलेला आहे, आणि त्याच्या खाली करप्ट झालेल्या फोटोच्या फाइलचं नाव.